लागलेला गडी हात वर करत नाही : बारक्या पोरांच्या संघात खिलाडूवृत्ती आणायची कशी?

तांबडी_माती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात १४ वर्षांखालच्या मुलांचा कबड्डी संघ आहे. एकूण १६ मुलं : ११ मराठी शाळेतली, ४ कन्नड शाळेतली, एक उर्दू शाळेतला. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी दीड तास सराव होतो. खेळाची तक्रार नाही. चढाया चांगल्या आहेत, डावा कोपरा भक्कम आहे. तक्रार वागण्याची आहे.

चढाईपटूचा स्पर्श लागलेला गडी तसाच उभा राहतो, पंचांनी बघितलं नाही तर सुटलो म्हणून. पकड झाली की खाली पडलेल्या चढाईपटूच्या तोंडासमोर मांडी थोपटतात, वर भाषेवरून नाहीतर गावावरून काहीतरी बोलतात. आणि दोरीबाहेर उभे असलेले पालक, काका-मामा 'मोड त्याचा पाय' म्हणून ओरडत असतात. भाषणं देऊन झाली, मैदानाला फेऱ्या मारायला लावून झालं. चार दिवस फरक पडतो, पाचव्या दिवशी पहिलं तेच. शालेय स्पर्धांना, म्हणजे क्लस्टर (जवळपासच्या शाळांचा गट) आणि मग तालुका पातळीला, अजून आठेक आठवडे आहेत. दिवाळीनंतर गावोगावच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतील. नेमकं काय करावं, कुठल्या क्रमानं करावं, ते सांगा.

निदान_रेषा

सर, पहिल्यांदा फेऱ्या बंद करा. पळणं हा सरावाचा भाग आहे. तेच शिक्षा म्हणून दिलं की पोराच्या डोक्यात पळणं आणि अपमान यांची गाठ बसते, आणि पुढं दमसास वाढवायला पळायला सांगितलं तरी ते कुरकुरतं. शाळेचा संघ असेल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ सुद्धा ध्यानात ठेवा. त्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे.

घोट्याची पकड आपण तोंडी शिकवत नाही, शंभरदा करून घेतो. लागल्यावर हात वर करणंही तसंच करून घ्यावं लागतं.

सरावातली शेवटची १५ मिनिटं शिट्टीविना खेळवा. पाच-पाच गडी, पंच कोणी नाही. ज्याला स्पर्श झाला त्यानं स्वतः हात सरळ वर करायचा आणि बाहेर जायचं. यातला एक बारकावा चुकला की सगळंच फसतं : हात वर करायचा तो चढाईपटू मध्यरेषेपलीकडे पोचल्यावर. लागलेला गडीसुद्धा चढाई चालू असेपर्यंत पकडीत उतरू शकतो, आणि पकड यशस्वी झाली तर तो बाद होतच नाही. चढाई चालू असताना हात वर करायला लावला तर पोरगं साखळी (शेजाऱ्याचा हात धरून केलेली पकड) सोडून देतं, संघ दोन सामन्यांत मार खातो, आणि खरं वागलं की तोटा होतो असं ते मनात ठरवून टाकतं. चढाईपटू आपल्या अंगणात पोचला की तीन सेकंदांत हात वर, एवढं बसवा.

चढाईपटूलाही नियम हवा. परत येऊन नुसतं बोट नाचवत 'लागला, लागला' म्हणायचं नाही. कोण आणि कुठं ते सांगायचं : 'चार नंबर, डावं मनगट.' जागा सांगता आली नाही तर दावा नाही. याचा फायदा असा की खोटा दावा करणाऱ्याला जागा बनवून सांगावी लागते, आणि समोरचा शांतपणे नाही म्हणू शकतो. तरी पटलं नाही तर गुण कोणालाच नाही, पुढची चढाई सुरू. यात सुरुवातीला थोडा अन्याय होतो, तो होऊ द्या. वादात गुण मिळत नाही हे आठवडाभरात कळतं आणि वाद आपोआप कमी होतात.

बाहेर बसलेल्या दोन मुलांना वही द्या. तीन रकाने : दावे किती, वर झालेले हात किती, वाद किती. नावं लिहायची नाहीत. नावं लिहिली की ती चुगलीची वही होते.

पहिले दोन आठवडे असं शिट्टीविना. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात तुम्ही शिट्टी घेऊन उभे राहा, पण प्रत्येक अर्ध्यात दोन स्पर्श मुद्दाम न दिसल्यासारखे सोडून द्या. पोरांना सांगू नका. हात वर होतो की नाही ते इथं खरं कळतं, कारण आता लपायला जागा आहे. सहाव्या-सातव्यात शेजारच्या गावाच्या संघाबरोबर मैत्रीचे सामने ठेवा, त्यांच्या सरांना आधी कल्पना देऊन. आठव्यात नवीन काही नको.

गाडी कुठं अडते तेही सांगतो. पोरानं हात वर केला आणि तुम्ही लगेच ओरडलात, 'पाय मागं का नाही घेतलास?' तर तो हात पुन्हा वर होत नाही. त्या क्षणी फक्त 'बरोबर' म्हणा, पायाचं नंतर बघा. दुसरी चूक म्हणजे हात वर करणाऱ्याला जादा गुण देणं. चार दिवसांत न लागताच हात वर व्हायला लागतात. तिसरी, मोठी पोरं बारक्यांवर डोळे वटारून हात वर करायला लावतात. म्हणून पाच-पाचाचे संघ रोज बदला, आणि सर्वांत दांडग्या दोघांना कधी एका बाजूला ठेवू नका.

मांडी थोपटण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. थाप हा आपल्या खेळाचा आवाज आहे, ती बंद करू नका. ती कुणाकडं तोंड करून मारली हे बघा. चढाईला निघताना, आपल्या गड्यांकडं बघून मारलेली थाप चालेल. पडलेल्या पोराच्या अंगावर वाकून मारलेली चालणार नाही. यासाठी तीन शब्द पाठ करून घ्या : सोड, हात, वळ. शिट्टी झाली की पकड लगेच सोडायची. मग जो सर्वांत जवळ असेल त्यानं पडलेल्याला हात देऊन उठवायचं. मग वळून आपल्या जागेवर यायचं, थाप तिथं. सरावात पकडीचा गुण लिहायचा तो चढाईपटू उभा राहिल्यावरच. 'सोड' सर्वांत महत्त्वाचं, कारण शिट्टीनंतरही तिघा-चौघांचं वजन एका वळलेल्या गुडघ्यावर राहिलं तर त्या पोराचा हंगाम तिथंच संपतो.

शिट्टी

वरचं सगळं पटलं. पंचाच्या बाजूनं थोडी भर घालतो.

सामन्यात निर्णय पंचाचाच. गड्यानं हात वर केला म्हणून पंच बांधील नाही. पंच 'खेळ' म्हणाले तर पोरानं तिथं हुज्जत घालायची नाही, गुपचूप खेळत राहायचं. खरेपणा दाखवण्यासाठी पंचांशी भांडणारी पोरंही होतात, म्हणून हे आधी सांगून ठेवा. पंचांशी बोलायचं ते फक्त कर्णधारानं, हात मागं बांधून, एक वाक्य. वाक्यही ठरवून द्या : 'सर, बोनसचा निर्णय एकदा समजावून सांगाल का?' तेच कन्नडमध्येही पाठ करून ठेवा. आपल्याकडं पंच कुठल्या भाषेचे येतील ते सामन्यादिवशीच कळतं, आणि त्यांच्या भाषेत विचारलं की अर्धा ताण तिथंच निवतो.

कार्डांचा अर्थ प्रत्येक पोराला माहीत हवा. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून बाद. पिवळ्या कार्डात संघ दोन मिनिटं एक गडी कमी घेऊन खेळतो, आणि कबड्डीत दोन मिनिटांत चार चढाया सहज होतात. सरावातही हे वापरा. पुठ्ठ्याची कार्डं कापा आणि खरंच दोन मिनिटं बाहेर बसवा, घड्याळ लावून. दम तोडायला तोंड दाबणं, गळा धरणं, केस ओढणं, पायांची कात्री घालणं, चढाईपटूला जाणूनबुजून रेषेबाहेर ढकलणं, यातलं काय चूक आहे हे पोरांना शब्दांत सांगून कळत नाही. हळू वेगात करून दाखवा : कंबरेची पकड कुठं संपते आणि ढकलणं कुठं सुरू होतं.

आता एक गोष्ट जिकडं कोणाचं लक्ष जात नाही. निम्मी भांडणं रेषेमुळं होतात, पोरांमुळं नाही. मातीच्या मैदानावर फक्कीची (पांढऱ्या भुकटीची) रेषा पहिल्या सात-आठ मिनिटांत पायाखाली पुसते. मध्यरेषा तर चिखलाच्या दिवसांत दिसतच नाही. मग पाय बाहेर गेला की नाही यावर दोन्ही संघ आपापल्या परीनं खरं बोलतात आणि एकमेकांना खोटारडे ठरवतात. बारक्या मुलांचं मैदान ११ बाय ८ मीटर, रेषेची रुंदी ३ ते ५ सेंटिमीटर. रेषा पूर्ण ५ सेंटिमीटरची मारा, आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन अर्ध्यांमधल्या पाच मिनिटांत मध्यरेषा, निदान रेषा (चढाईत एकदा तरी ओलांडायची ती), बोनस रेषा (जिथं जादा गुण मिळू शकतो ती) पुन्हा ओढा. दोन लाकडी पट्ट्या पाच सेंटिमीटरच्या अंतरानं ठोकून साचा केला की एका मुलाचं काम. फक्कीऐवजी कळीचा चुना कधीही वापरू नका. घामानं आणि पावसानं तो कातडी जाळतो, डोळ्यात गेला तर इजा होते.

सामन्याआधी नखं बघा, हातातलं कडं, गळ्यातला दोरा काढायला लावा. अंगाला तेल लावलेलं चालत नाही. हे नियमात आहे, पण याला मी खिलाडूवृत्तीतच धरतो. समोरच्याला नखानं ओरबाडायचं नाही, हा विचार घरून निघताना व्हायला पाहिजे.

जुना_गडी

पोरांना इतकं सोज्वळ करायला निघालात तर मैदानात जोश राहणार कुठून? उपांत्य सामना, बरोबरी, शेवटची चढाई, पंचाला दिसलं नाही आणि आपल्या पोरानं हात वर केला. हरलो. मग गावात काय सांगायचं?

निदान_रेषा

काका, असं होऊ शकतं, आणि ते पोरांना आधीच सांगायला हवं. तो प्रसंग सामन्यात पहिल्यांदा समोर आला तर पोरगं गोंधळतं. म्हणून पाचव्या आठवड्यात तोच खेळ लावा : गुण २४-२४, एक चढाई शिल्लक, पंच पाठमोरे. चार-पाच वेळा. हात वर झाला, हरले, तर तुम्ही काय करता तेच पोरं बघत असतात. तुमचा चेहरा पडला तर त्यांना उत्तर मिळालं.

आपल्या कर्नाटकातलंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईत इंग्लंडविरुद्धचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना. भारताचा कर्णधार आपल्या कर्नाटकचा गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंड ५ बाद ५८ वरून सावरत असताना बॉब टेलरला यष्टीमागं झेलबाद दिलं गेलं. चेंडू बॅटला लागलेला नाही असं वाटल्यावर विश्वनाथनं पंचांना विनंती करून त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडनं तो सामना १० गडी राखून जिंकला, भारत हरला. पोरांना ही गोष्ट सांगताना शेवट गाळू नका. बऱ्याच ठिकाणी टेलरला बोलावल्यापर्यंतच सांगतात, आणि मग खरं वागलं की बक्षीस मिळतं असं पोरांना वाटतं. हरणं सांगितलं तरच गोष्ट खरी राहते.

जोशाचं म्हणाल तर जोश चढाईत, साखळीत, तीस सेकंदांच्या दमात दाखवावा. तो कमी करा असं कोणीच म्हणत नाहीये.

तांबडी_माती

निदान_रेषा सर, शिट्टी सर, मनापासून आभार. वही उद्यापासूनच सुरू करतो. भाषेवरून डिवचण्याचं काय करावं? तेच सर्वांत जास्त लागतं. सामन्यात समोरचा संघ कन्नड शाळेचा असला की आपल्यातलीच चार कन्नड पोरं खाली मान घालून उभी राहतात. समोरून मराठीवरून काही आलं की मग इकडची पेटतात.

खो_दे

दादा, यात वेळ घालवू नका, कारण हे स्पर्शाच्या खोटेपणापेक्षा खोल जातं. स्पर्शाबद्दल खोटं बोललेलं पोर पुढच्या आठवड्यात विसरतं. भाषेवरून, जातीवरून ऐकलेलं विसरत नाही.

हंगामाच्या सुरुवातीलाच नियम लावा आणि तो सगळ्यांत चांगल्या चढाईपटूलाही लावा. भाषा, जात, धर्म, गाव, अंगाचा रंग यावरून एक शब्द आला की लगेच बदली. सामना कुठल्याही वळणावर असो. दुसऱ्यांदा झालं तर पुढचा पूर्ण सामना बाहेर. पाच राखीव गडी बाकावर असतातच, त्यामुळं गडी कमी पडतील हे कारण नाही. हा नियम जिथं मोडतो तिथं कायम एकाच जागी मोडतो : दोष स्टार खेळाडूचा असतो आणि सामना अटीतटीचा असतो. तेव्हा डोळेझाक केलीत तर बाकीच्या पंधराजणांना नियम कुणासाठी आहे ते कळलं.

माफी संघासमोर मागायला लावू नका, त्यात तमाशा होतो. ज्याला बोललं त्याच्यासमोर, दोघंच, तुम्ही थोडे लांब. आणि माफी त्याच्या भाषेत. कन्नड पोराला बोलला असेल तर 'तप्पायतु' म्हणता आलं पाहिजे. शिकायला दोन मिनिटं लागतात.

सरावात जोड्या लावताना मराठी-कन्नड-उर्दू मिसळून लावा आणि त्या जोड्या दोन आठवडे टिकू द्या. साखळीसाठी हात धरणारे दोघं वेगवेगळ्या शाळेतले ठेवा. साखळीत शेजाऱ्याच्या मनगटावर विश्वास ठेवावाच लागतो, त्याची भाषा कुठली का असेना. खोखोच्या पोरींमध्ये हेच वेगळ्या तऱ्हेनं होतं. बसलेल्या पोरीला मागून खो मिळतो, तिला दिसत नसतं कोण येतंय. आवाज ओळखायला शिकावं लागतं, मग 'खो' कुणाच्या तोंडचा याला काही अर्थ राहत नाही.

नियमांचा कागद तुम्ही लिहू नका, पोरांकडून लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात अर्धा तास बसवा, प्रत्येकाला एक वाक्य सांगू द्या, त्यातली पाच ठेवा. मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं, उर्दू शाळेतल्या पोरालाही त्याच्या लिपीत लिहू द्या. नकारार्थी वाक्यं कमी ठेवा. 'शिवी देऊ नये' यापेक्षा 'पडलेल्याला उठवू' हे करता येतं आणि मोजताही येतं.

सामना संपल्यावर हस्तांदोलनाची रांग सगळेच करतात, पण पोरं हाताला हात लावून पुढं सरकतात, बघतसुद्धा नाहीत. रांगेच्या ऐवजी क्रमांकाची जोडी लावा : आपला दोन नंबर त्यांच्या दोन नंबरशी. तोंडाकडं बघायचं आणि त्या पोराच्या खेळातली एक गोष्ट सांगायची. 'तुझी उजव्या कोपऱ्यातली पकड भारी होती.' समोर कन्नड पोरगं असेल तर 'छलो आडिदी' (चांगला खेळलास) एवढं म्हणा की. बघा चेहरा कसा खुलतो तो. यासाठी सामना चालू असताना समोरच्याचा खेळ बघावा लागतो, आणि पोरांना ती सवय लागते हा वरचा फायदा.

कर्णधारही दर पंधरा दिवसांनी बदला. निदान मैत्रीच्या सामन्यांत तरी त्या चार कन्नड पोरांपैकी एकाच्या हातात संघ जाऊ द्या.

कट्ट्यावरची_आई

दोरीबाहेरच्या लोकांबद्दल कोणी फार बोललं नाही, म्हणून मी सांगते. पोरं मैदानात जे करतात त्यातलं बरंच बाहेरून ऐकलेलं असतं.

पालकांची बैठक स्पर्धा सुरू व्हायच्या चार आठवडे आधी घ्या. वेळ रविवारी सकाळी, शेतावर जायच्या आधी किंवा दुपारी परत आल्यावर. संध्याकाळी ठेवली तर निम्मे येत नाहीत. वीस मिनिटांच्या वर नको. तीनच गोष्टी सांगा. मैदानात सूचना देणारा आवाज एकच, सरांचा. पालकांनी टाळ्या वाजवायच्या, दोन्ही संघांच्या चांगल्या खेळाला. पंचांना काही बोलायचं नाही. एकच आवाज का, तेही समजावून सांगा : चढाईच्या तीस सेकंदांत पोराला स्वतःचा दम, समोरचे सात गडी आणि रेषा एवढं सांभाळायचं असतं. त्यात 'बोनस घे' आणि 'माघारी ये' दोन्ही ऐकू आलं की ते मधेच उभं राहतं आणि सापडतं. हे कारण बापांना लगेच पटतं. नुसतं 'शिस्त पाळा' म्हटलेलं कोणी मनावर घेत नाही.

दोरी मैदानापासून किमान तीन मीटर लांब बांधा, आणि आपल्या पालकांना आपल्या बाकाच्या समोरच्या बाजूला बसवा. पोराच्या पाठीशी उभा असलेला काका सतत कुजबुजत राहतो.

जो सर्वांत जास्त ओरडतो त्याला काम द्या. गुणलेखकाच्या शेजारी बसून चढाया मोजायच्या, नाहीतर पाणी आणि बर्फाची पेटी सांभाळायची. हातात कागद-पेन आलं की माणूस बघायला लागतो आणि ओरडणं कमी होतं. तरीही कोणी 'मोड पाय' म्हणालाच तर त्याच्यावर पोरासमोर ओरडू नका. टाइम-आउट घ्या, कोणीतरी मोठ्या माणसानं जाऊन खांद्यावर हात ठेवून बाजूला न्यावं. अर्ध्यात तीस-तीस सेकंदांचे दोन टाइम-आउट मिळतात, त्यातला एक यावर गेला तरी हरकत नाही.

घरी जाताना गाडीवर मागं बसलेल्या पोराला सामन्याबद्दल पहिल्यांदा काही विचारू नका. ते हरलेलं असतं, अंग दुखत असतं, पाठीमागून तोंड दिसत नाही आणि बाप पुढं बघत बोलत असतो. 'भूक लागली का?' एवढं पुरे. ज्याला बोलायचं असतं ते रात्री जेवताना स्वतः बोलतं. आणि 'किती गुण घेतलेस?' याच्या आधी 'समोरच्यातला कोण आवडला?' हे विचारून बघा.

शिट्टी

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. पालकांच्या बाबतीत आणखी एक, आणि हे कडू आहे. वयाचा दाखला. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं १४ च्या खाली खेळवलं तर त्या दिवशी हात वर करण्याचे आठ आठवडे पाण्यात गेले. कारण सोळाही पोरांना त्याचं खरं वय माहीत असतं. प्रवेश अर्ज भरण्याआधी जन्मदाखला आणि शाळेच्या एसएटीएस (कर्नाटकातल्या विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदीतली जन्मतारीख शेजारी ठेवून बघा. दोन्हींत फरक असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून आधी निकाल लावा, स्पर्धेच्या मैदानावर नको. क्रिकेटमध्ये १६ वर्षांखालच्या गटासाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं हाडांचं वय बघतात. गावपातळीवर तसली सोय नाही, त्यामुळं सगळा भार तुमच्या सहीवर आहे.

गावच्या स्पर्धांत 'शिस्तबद्ध संघ' म्हणून चषक असतो. तो बऱ्याचदा लवकर हरलेल्या, लांबून आलेल्या संघाला समाधान म्हणून दिला जातो, आणि पोरांना ते बरोबर कळतं. तुमच्या गावात स्पर्धा असेल तर तो चषक मोजून द्या. प्रत्येक सामन्यानंतर सरपंच (सामन्याचे मुख्य पंच) आणि दोन्ही पंचांनी मिळून दहापैकी गुण द्यायचे : वेळेवर आणि पूर्ण गणवेशात हजर २, पंचांशी वागणूक २, समोरच्या गड्यांशी वागणूक ३, बाकावरचे गडी आणि प्रशिक्षक २, पाठीराखे १. कार्ड निघालं तर हिरव्याला १, पिवळ्याला ३ आणि लालला ५ वजा. संघांचे सामने कमी-जास्त होतात, त्यामुळं बेरीज करू नका, सरासरी काढा. नाहीतर अंतिम फेरीत गेलेला संघच दरवेळी पुढं राहतो. किमान दोन सामने खेळलेलाच संघ धरायचा, यजमान संघ धरायचा नाही. आणि गुण सामना संपल्यावर दहा मिनिटांत लिहून पेटीत टाकायचे, कारण रात्री दोन वाजता आठवून लिहिलेले गुण शेवटच्या सामन्यावरच ठरतात.

याला कोणी पोरखेळ म्हणू नये. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल गुण, गोलफरक, केलेले गोल, आपसातला सामना, सगळ्यांत बरोबर होते. जपानची पिवळी कार्डं ४, सेनेगलची ६, म्हणून जपान बाद फेरीत गेला. पोर्तुगालमध्ये तर जानेवारी २०२३ मध्ये महिलांच्या एका सामन्यात पंचांनी चांगल्या वागण्याबद्दल पांढरं कार्ड दाखवलं. प्रेक्षकांत कुणाची तरी तब्येत बिघडली म्हणून दोन्ही संघांचे डॉक्टर धावले, त्यांना ते कार्ड होतं. तुमच्या मैत्रीच्या सामन्यांत एक पांढरा पुठ्ठा खिशात ठेवायला काहीच लागत नाही. पण एका सामन्यात एकदाच काढा, जास्त काढलं की त्याची किंमत जाते.

तांबडी_माती

खूप मिळालं सगळ्यांकडून. शेवटचं एक. आपली पोरं ३०-३५ गुणांनी पुढं असली की काय करावं? लोणवर लोण (समोरचा अख्खा संघ बाद) चढत असतात आणि तिथंच सर्वांत जास्त चिडवाचिडवी होते. मुद्दाम सोडून खेळायला सांगितलं तर समोरच्या पोरांना ते कळतं.

निदान_रेषा

मुद्दाम सोडायला कधीच सांगू नका, तो त्यांचा जास्त अपमान. २० गुणांची आघाडी झाली की राखीव पाचही जण टप्प्याटप्प्यानं आत घ्या. त्यांना तेवढीच सामन्याची सवय. जे आत राहतील त्यांना काम अवघड करून द्या : उजव्या हाताचा चढाईपटू डावीकडून चढेल, घोट्याची पकड करणारा फक्त साखळीत खेळेल, बोनस घ्यायचा नाही तर स्पर्शाचाच गुण. पोरं पूर्ण ताकदीनं खेळतात पण अडखळतात, आणि समोरच्यांना खऱ्या पकडी मिळतात. बाकावरून ओरडून हे सांगायचं नाही, टाइम-आउटमध्ये हळू आवाजात. त्यासाठी दुसऱ्या अर्ध्यातला एक टाइम-आउट राखून ठेवा : पहिली दहा सेकंदं पाणी, मग एकच सूचना, उरलेली सेकंदं श्वास घ्यायला.

उलट आपण २० नं मागं असू तेव्हाची सूचनाही आत्ताच ठरवा. चूक झाली की हातावरची माती दोनदा झटकायची आणि जागेवर यायचं, शेजारच्यानं पाठीवर थाप द्यायची. हरतानाचं लक्ष्य छोटं आणि मोजता येईल असं द्या : पुढच्या पाच मिनिटांत लोण होऊ द्यायचा नाही, किंवा दोन यशस्वी पकडी. वहीत त्याला चौथा रकाना करा, 'मागं असताना'. महिनाभरानं दावे-हात-वाद यांच्या शेजारी तो रकाना वाचून बघा, आणि आकडे इथं टाका सर, बाकीच्या संघांनाही लावून बघता येतील.